गाडीच्या पोटातलं मिठागर

वैशाख सरत आला की शिरगावचा वारा फिरतो. एरवी पहाटे जमिनीकडून कोरडा वारा येतो, तो यायचा बंद होतो. मग दिवसभर समुद्राचाच ओला वारा. दोरीवरचं लुगडं संध्याकाळपर्यंत वाळत नाही, पापड हातात घेतला तर वाकतो, दाराची कडी चिकट लागते. सून म्हणते, "आई, आज किती दमट हाय." मी म्हणते, आगोट आली.

पावसाच्या आधीच्या या दिवसांना आम्ही आगोट म्हणतो. नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद राहणार, बोटी वर ओढलेल्या, म्हणून घरोघर सुकी मासळी भरून ठेवायची. विकणाऱ्या बायकांचं वर्ष या दिवसांवर चालायचं. मीही त्यांच्यातलीच. आता विकत नाही. गुडघे गेले, आणि मुलगा बोईसरला कारखान्यात लागला. पण आगोट आली की मला एक वास येतो. सुक्या बोंबलाचा म्हणाल तर तो नव्हे. तो आमच्याकडे बारा महिने असतो, त्याला आम्ही वास म्हणत नाही, हवा म्हणतो. मला येतो तो उकळत्या चिंचेचा आणि तापलेल्या लोखंडाचा. दोन्ही एकदम. हे दोन वास एका चुलीवर कसे आले, ते सांगते.

आमची एक व्हॅन होती. पांढरी, जुनी, तारापूरच्या कॉलनीतल्या एका साहेबाने वापरून कंटाळून विकलेली. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलायची की खाली सगळा संसार दिसायचा, नळ्या, वायरी, पट्टा. उन्हाळ्यात बुडाला चटके बसायचे, हिवाळ्यात बरं वाटायचं. माझ्या नवऱ्याने, हरेश्वरने, मागची सीट काढून टाकली आणि तिथे टोपल्या रचायला जागा केली. हरेश्वरचं नाव मी त्याच्या हयातीत घेत नव्हते. आता घेते. रागवायला तो कुठे आहे.

गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. रस्त्यावर नाही, ओहोटीच्या वाळूवर. ओहोटीला आमचा किनारा लांबच लांब मोकळा होतो, ओली वाळू घट्ट बसते, आणि वर आभाळ तसंच खाली आभाळ. तिथे धडकायला काही नाही. मी स्टिअरिंग धरून बसले की वाटायचं, गाडी पाण्यावरच चाललीय. तो बाजूला बसून ओरडायचा, "अगो, वल्हं नाय ते! येवढं ओढू नको!" मी गाडी वळवायचे आणि वाळूवर मोठी गोल रेघ उमटायची. भरती आली की ती रेघ पुसून जायची. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. चौथीपर्यंत शाळेत मला जे कोणी शिकवलं, त्यांच्याकडे अशी पाटी असती तर मी पुढे शिकले असते की काय, देव जाणे. बहुतेक नसतेच.

पुढे एका वर्षी आगोट तोंडावर असताना हरेश्वर बंदरावर शेवाळावरून घसरला आणि त्याचा खुबा मोडला. पालघरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, पाय टेकायचा नाही. पडवीत खाट टाकली, तिच्यावर तो. आयुष्यभर बोटीवर इंजिन सांभाळलेला माणूस, त्याला आता कूस बदलायची तरी मला हाक मारावी लागे. त्याचं दुखणं खुब्यात होतं तेवढंच तोंडातही होतं. दिवसभर बोलायचा. मी काय चुकतेय ते खाटेवरून त्याला सगळं दिसायचं.

अंगणात बांबूच्या वलांडीवर, म्हणजे उभ्या बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील टांगलेले. बोंबील जोडीनं टांगतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना एकेक सोडायचा. सुटायला बघितलं तर दोघंही पडतात. आम्हा दोघांचं तेच होतं, पण आम्ही निदान बोलत तरी होतो. दुपारी वाऱ्याने त्या रांगाच्या रांगा हलायच्या, बारीक खसखस आवाज यायचा, जसं कोणी लांबून कुजबुजतंय. त्या आवाजावर मी कैकदा बसल्याबसल्या डुलक्या काढल्यात. जाग आली की ऊन खांबावर चढलेलं, आणि हरेश्वर म्हणत असलेला, "कावळे खातात, कावळे! झोप तू."

माल चांगला सुकला होता. बोंबील, जवळा, वाकटी. तो सगळा पावसाच्या आधी बोईसरच्या आठवडी बाजारात पोचला पाहिजे होता. नाही पोचला तर ओल्या वाऱ्याने मऊ पडणार, बुरशी धरणार. मग दारात व्यापारी येतो. तो बघतो, नाक मुरडतो, आणि मेहेरबानी केल्यासारखा सगळं उचलून नेतो. एकदा दारात माल दिलेली बाई पुढच्या वर्षी बाजारात दिसत नाही, तिची जागा जाते. हे मी दुसऱ्यांचं बघितलं होतं. गावातल्या टेम्पोत आगोटीला पाय ठेवायला जागा नसते, आणि एसटीत कंडक्टर टोपली बघूनच घंटी मारतो. तेव्हा व्हॅन, आणि मी.

आता पाण्याचं सांगते. वैशाखात आमच्या विहिरी मचूळ होतात. समुद्र खालून आत येतो म्हणतात. प्यायचं पाणी टँकरने यायचं, आणि टँकरपाशी बायका एकमेकींचे केस उपटायच्याच तेवढ्या बाकी राहायच्या. आणि गाडीच्या रेडिएटरची एक नळी थोडी गळत होती. रोज पाणी भरावं लागे. मी हरेश्वरला विचारलं, टँकरचं घालू का?

"येडी हायस का? माणसाला नाय तिथं गाडीला? बंदरावरनं बादली भरून आण."

"खारं?"

"बोटीचं इंजिन काय बिसलरी पितं? तीस वर्षं दर्याचंच पाणी पिऊन चाललं. घाल."

मला पटलं. का नाही पटणार? माझ्या बापाची बोट, सासऱ्याची बोट, सगळ्या समुद्राचंच पाणी ओढून गार व्हायच्या. आमच्या गावात कोणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. मी रोज सकाळी बादली भरून आणली आणि रोज गाडीला पाजली. पहिला बाजार झाला, गाडी छान धावली. दुसऱ्या बाजाराला पालघर मागे टाकलं आणि काटा वर चढायला लागला. बोईसर जवळ येईपर्यंत सीटखालून वाफ यायला लागली, इडलीच्या भांड्यासारखी. कशीबशी कुंभवलीच्या बाजूच्या एका गॅरेजपर्यंत नेली.

तिथला मिस्त्री यादव. माणूस बरा होता, पण गॅरेजात कारखान्यांच्या बसगाड्या पोटं उघडून उभ्या होत्या. त्याने गाडी थंड होऊ दिली, फडक्याने झाकण काढलं, आत बोट घातलं. बोटाला पांढरं लागलं. ते त्याने जिभेला लावलं आणि थुंकला.

"मौसी, ये क्या पिलाया इसको?"

"पाणी."

"कौनसा पानी?"

"दर्याचा."

तो आधी हसला नाही. आधी त्याने शेजारच्या बसखाली झोपून काम करणाऱ्याला पायाने हलवलं, त्याला सांगितलं, आणि मग दोघं मिळून हसले. "मौसी, गाड़ी है, मछली नहीं है."

"आमच्या बोटीचं इंजिन पितं ना!"

"बोट का मेरे को नहीं मालूम. ये तो पूरा जाम है. खोलना पड़ेगा. बसवाले पहले आए हैं. अगले हफ्ते छोड़ के जाओ."

"पुढच्या हप्त्यात मी काय विकू, छत्र्या?"

"तो खुद खोल लो," तो म्हणाला. चेष्टेनेच म्हणाला. मी म्हणाले, "बरं. दाखव कुठनं खोलतात." त्याने माझ्याकडे बघितलं, मग गुडघ्यावर बसला आणि पान्याच्या टोकाने एकेक बोल्ट दाखवला. हा, हा, खाली हा, नळीची पट्टी अशी, पंख्याची वायर आधी. पाना कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, वापस लाना. रोज लाकडाची चूल पेटवणाऱ्या बाईला चार बोल्ट काय लक्षात राहणार नाहीत?

बाजार बुडाला. माल तसाच घेऊन परत निघाले. यादवने बजावलं होतं, काटा वर गेला की बंद करायची, थंड झाली की चालू. त्यामुळे त्या दिवशी मी तो रस्ता जसा बघितला तसा आधी कधी बघितला नव्हता, नंतरही नाही. थोडं चालायचं, थांबायचं. दार उघडं टाकून पाय बाहेर सोडून बसायचं. इंजिन बंद झालं की आधी टिक टिक आवाज येतो, लोखंड थंड होत असल्याचा, मग तोही थांबतो. मग शेतातली शांतता. भाताची खाचरं भाजून काळी केलेली, त्यांच्यावर हवा हलतेय, लांबचे ताड पाण्यात असल्यासारखे थरथरतायत. एक बगळा म्हशीच्या पाठीवर, म्हैस झोपलेली, बगळाही झोपलेला असावा. मागे टोपल्यांमध्ये बोंबील उन्हाने तडतडतायत. मला काळजी करायला हवी होती. मी करतही होते. पण काळजीवरही पेंग येते, त्या उन्हात तर येतेच. एका झाडाखाली किती वेळ बसले कोण जाणे. उठले तेव्हा सावली सरकून गेली होती आणि माझे पाय उन्हात होते.

शेवटचं थांबणं मिठागराशी झालं. शिरगावच्या अलीकडे खाडीचं पाणी चौकोनी वाफ्यांत अडवून ठेवतात. ऊन पाणी उडवून नेतं, मीठ खाली राहतं. लहानपणापासून बघत आले. त्या दिवशी बघत बसले आणि मला कळलं. बोटीचं इंजिन पाणी ओढतं आणि मागून समुद्रात सोडून देतं. रोज नवं पाणी. गाडीत तेच पाणी फिरतं, तेच तापतं, वाफ जाते आणि मीठ राहतं. मी रोज सकाळी बादली घेऊन गाडीच्या पोटात मिठागर घातलं होतं. एकटीच मोठ्याने हसले. मिठागरातला माणूस कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

घरी येऊन हरेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "धुऊन जाईल. गरम पानी ओत." मी म्हणाले, "अवो, बोटीतनं पानी भायेर जातं. गाडीतनं जात नाय."

त्यावर तो छपराकडे बघत राहिला. माशी नाकावर बसली तीही त्याने हाकलली नाही. मग म्हणाला, "रेडिएटर कशाचा हाय? नखानं खरवडून बघ."

मी जाऊन बघून आले. "तांब्याच्या नळ्या हायेत. वरची टाकी पितळी."

"मंग?"

"मंग काय? तांब्यापितळेला काय लावतात ते मला नका सांगू."

खाटेवर पडल्यापासून तो तेव्हा पहिल्यांदा हसला. हसताना खुब्यात कळ आली, मग त्याने मला, डॉक्टरला आणि बंदरावरच्या शेवाळाला सारख्या शिव्या दिल्या.

रेडिएटर मी दुसऱ्या दिवशी सकाळी खोलला. बोल्ट गंजलेले, पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा एक फिरला. लग्नाच्या जेवणाचा मोठा टोप मागून आणला, अंगणात तीन दगडांवर ठेवला, त्यात जुनी चिंच कोळून टाकली आणि रेडिएटर उभा बुडवला. गॅसवर असलं काम होत नाही, लाकडंच लागतात. पाणी तापलं तसं नळ्यांतून बुडबुडे यायला लागले. आधी पांढरा गाळ, मग हिरवा, मग गंजाचा लाल. चिंचेचा आंबट वास आणि लोखंडाचा कडू वास सगळ्या आळीत.

शेजारून माझी मोठी जाऊ जानकी आली. पदर नाकाला. "यमे, काय शिजवतेस? गाडीची कढी?"

"हां. जेवायला ये."

"फोडणी दिलीस का?"

"तू दे. तुझ्या हाताला चव हाय."

ती गेली, पण गल्लीतल्या चार जणींना सांगून आली, त्यामुळे माझ्या अंगणात जत्रा झाली. एक म्हणाली कोकम घाल. एक म्हणाली, नवरा खाटेवर आणि ही गाडीला उटणं लावते. हरेश्वर पडवीतून ओरडला, "मला पण लाव म्हणावं!" बायका हसून लोळल्या. मी काठीने रेडिएटर फिरवत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. टोपातल्या पाण्याकडे बघत होते. ते वळत होतं, रंग बदलत होतं, ओहोटीला खाडीचं पाणी गढूळ होऊन समुद्रात जातं तसं. खाली कुठेतरी एकेक नळी मोकळी होतेय, हे मला दिसत नव्हतं पण हातातल्या काठीला कळत होतं. त्यानंतर मी पुष्कळ काही दुरुस्त केलं. प्लग साफ केले, पट्टा बदलला, क्लचची वायर बांधली. पण ते पाणी वळताना बघणं काही वेगळंच होतं.

आता धुवायला गोडं पाणी हवं. पुन्हा मचूळ घातलं तर तेच. इंजिनच्या आतलंही धुवायचं होतं, पाणी भरा, चालवा, सोडून द्या, पुन्हा भरा. चार-पाच दिवस माझ्या वाट्याचे सगळे हंडे त्यात गेले तरी खालून येणारं पाणी जिभेला खारं लागत होतं. आभाळात दक्षिणेकडे ढग. उद्याचा बाजार शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक. दुपारी व्यापारी चक्कर मारून गेला. "काकी, गाडी खोललीस वाटतं? जुळेल ना परत?" असं गोड विचारलं आणि टोपल्यांवर नजर फिरवली. माझ्या तोंडात नळीचा स्क्रू होता.

जानकी पुन्हा आली. कमरेवर कळशी, डोक्यावर हंडा, तिच्या टँकरच्या वाट्याचं पाणी. माझ्यासमोर धाडकन ठेवलं. मी बघत राहिले.

"बघतेस काय? पिऊ दे तुझ्या गाडीला. आमी दारू पिऊ."

तिचाही माल होता, तो आधीच गेला होता. माझा गेला काय, राहिला काय, तिला फरक नव्हता. मी आभार मानले नाहीत, तिला ते आवडलंही नसतं. त्या पाण्याने शेवटचं धुतलं. खालून आलेलं पाणी चाखलं. गोड.

परवा सुनेच्या नव्या गाडीत दिवा लागला. पिवळा, लहानसा. तिने फोन केला, ट्रक आला, गाडी उचलून नेली, दोन दिवसांनी आणून दिली. मी विचारलं, काय झालं होतं? ती म्हणाली, "काय की, सेन्सर म्हणाले." मी बोनेट उघडायला लावलं. आत एक मोठं काळं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. झाकणाखाली काय आहे ते तिलाही बघावंसं वाटलं नाही आणि गाडीलाही दाखवावंसं वाटलं नाही. चांगली गाडी आहे, थंड हवा येते, गुडघे दुखत नाहीत. मी तिला नावं ठेवत नाही. पण तिच्यात बसलं की मी पाहुणी असते. कोणाच्या तरी ओटीवर बसल्यासारखं अंग चोरून बसते.

त्या शेवटच्या बाजाराच्या सकाळी मी सगळं परत जोडलं होतं, पण भरवसा नव्हता. दोन बोल्ट उरले होते, ते कुठले हे हरेश्वरलाही कळेना. त्याने ते मुठीत धरून ठेवले, जसा काही तो त्यांच्याबद्दल जबाबदार आहे. मी टोपल्या चढवल्या, चावी फिरवली. गाडीने खोकून सुरुवात केली, मग आवाज एकसारखा झाला. खाटेवर तो डोळे मिटून ऐकत होता. मी थांबले. तो काहीतरी चूक काढेल म्हणून थांबले. त्याने डोळे न उघडता हात हलवला, जा.

शिरगाव ते बोईसर मी काट्याकडे बघत गेले. रस्ता बघायला विसरत होते, काटा बघत होते. तो मधोमध आला आणि थांबला. पालघरला मधोमध. पुढे चढ आला, तरी काटा मधोमध. ढग खाली आले होते, उजेड पिवळा, आणि सगळं शेत वाट बघत असल्यासारखं गप्प. त्या उजेडात गाडी अशी चालली होती की मला ओहोटीची वाळू आठवली.

बाजारात दगडावर माझी जागा मोकळी होती. कारखान्यातल्या लोकांच्या बायका आल्या, कोणी साताऱ्याच्या, कोणी जळगावच्या, त्या बोंबील लांबून धरतात आणि भाव मात्र जवळून करतात. आतल्या पाड्यांवरून बायका चालत आल्या, त्यांनी जवळा माप भरभरून घेतला, पदरात बांधला, पावसाच्या आधी घर गाठायचं होतं त्यांना. "मागच्या बाजारी नाय दिसलीस, मावशे," एक म्हणाली, "मी दुसरीकडं घेतलं नाय. बोलले, येल." दुपार कलायच्या आत टोपल्यांच्या तळाशी नुसता चुरा राहिला. यादवचा पाना परत दिला, त्यावर वाकटीची एक जुडी ठेवली. तो बसच्या खालूनच म्हणाला, "चली?" मी म्हणाले, "चली."

परतीला उमरोळीच्या पुढे मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. खाली उतरले, सीट उचलली आणि बघत उभी राहिले. पट्टा फिरत होता. माझ्या हातांनी बसवलेली नळी हलकेच थरथरत होती, पट्टीखालून एक थेंबही येत नव्हता. वारा ओला होता, रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि रिकाम्या टोपल्या मागे आपसांत घासत होत्या.

पाळी संपवून एक कामगार मोटरसायकलवरून येत होता, हँडलला डबा लटकवलेला. माझ्याजवळ येऊन त्याने पाय टेकले.

"काय मावशी, बंद पडली का? ढकलू?"

"नाय रे बाबा."

"मग काय झालं?"

"चालू हाय," मी म्हणाले. "म्हणून बघते."